तलावाची पाळ बोलते, ऐकणार कोण?
मातीवरचा दाब, मातीची दब आणि आपली माजी मालगुजारी तळी

करडी (ता. मोहाडी) : कास्तकार बंधूंनो, मृग बरसला की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोनच गोष्टींची चर्चा असते. पऱ्हे कधी टाकायचे आणि तलाव किती भरला? तलाव सांडव्याला लागला की गाव सुटकेचा श्वास टाकते. आता रोवणा होईल, धान पोटरीवर येईल तेव्हा एक पाणी नक्की मिळेल, असा हिशोब सुरू होतो. या आनंदात एक गोष्ट मात्र आपण विसरतो. तलाव भरतो तेव्हा त्याचे सगळे ओझे एका मातीच्या पाळीवर येते. त्या पाळीच्या पोटात काय चालले आहे, हे वरून फिरणाऱ्याला दिसत नाही.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत, साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधले. तेव्हा ना रोलर होता, ना प्रयोगशाळा. बंडीने माती आणायची, पातळ थर द्यायचा, पाणी शिंपडायचे, वरून जनावरे फिरवायची. त्या पाळी दोनशे-अडीचशे वर्षे उभ्या आहेत. आणि आज यंत्राने पंधरा दिवसांत उभा केलेला भराव पहिल्याच पावसात का खचतो? याचे उत्तर मातीच्या स्वभावात आहे. हा स्वभाव ओळखून त्याचे गणित मांडण्याचे एक शास्त्र आहे. मोठमोठी धरणे त्यावर बांधली जातात. ते शास्त्र इंजिनिअर लोकांचे खरे, पण त्यातला गाभा आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. तो समजला तर सरपंच, पाणी वापर संस्थेचे पदाधिकारी आणि ज्याची बांधी पाळीखाली आहे तो कास्तकार, सगळ्यांच्याच कामाचा आहे.

दाब आणि दब

आधी दोन शब्द समजून घेऊ. चिखलणी झालेल्या बांधीत तुम्ही काठी टेकवली तर ती टोंगळ्याएवढी आत जाते. त्याच चिखलावर रुंद फळी टाकून उभे राहा, पाय फारसा रुतत नाही. वजन तुमचेच, पण फळीमुळे ते जास्त जागेवर वाटले गेले. एका चौरस मीटरवर किती ओझे आले, त्याला म्हणायचे दाब. पुस्तकात याला 'प्रतिबल' असा भारी शब्द आहे.

आता दुसरी गोष्ट. त्या दाबाने माती किती दबली, किती सरकली, किती फुगली? एक मीटर जाडीचा थर एक सेंटिमीटर दबला तर शंभरात एक, म्हणजे एक टक्का दब झाली. पुस्तकात याला 'विकृती' म्हणतात. किती दाबाला किती दब, हे कागदावर रेषेने काढले की मातीची जन्मपत्रिका तयार होते. जोशीबुवाच्या पत्रिकेपेक्षा ही जास्त भरवशाची, मात्र माती नीट तपासलेली पाहिजे!

लोखंडाची पत्रिका सोपी असते. वजनकाट्याची स्प्रिंग घ्या. एक किलोला जेवढी ताणली, दोन किलोला बरोबर दुप्पट ताणते. वजन काढले की पूर्वीच्या जागी येते. मातीचे तसे नाही. पहिल्या ओझ्याला माती बरीच दबते, त्याच ओझ्याला पुन्हा कमी दबते आणि ओझे काढले तरी पूर्ण वर येत नाही. म्हणून मातीची रेषा सरळ नसते, ती वळत जाते.

घरच्या घरी पाहायचे असेल तर एकाच मातीची तीन ढेकळे करा. एक कडक उन्हात वाळवा, दुसरे जरा ओलसर ठेवा, तिसरे चिंब करा. प्रत्येकावर हळूहळू वजन ठेवत जा. वाळलेले ढेकूळ बराच वेळ हूं की चूं करणार नाही आणि एकाएकी फटकन फुटेल. ओलसर ढेकूळ थोडे दबेल, पण भार सांभाळेल. चिंब ढेकूळ फुटणार नाही, नुसते पसरत जाईल. माती तीच, फरक फक्त पाण्याचा. पाळीचे पण असेच आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती पसरते. मधली ओलसर अवस्था, जिथे ती भारही सांभाळते आणि फटकन तुटतही नाही, तीच बांधणाऱ्याला हवी असते.

मातीला आठवण असते

मातीला स्मरणशक्ती असते, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. पण ते खरे आहे. एखाद्या चिकण मातीवर पूर्वी कधी जेवढे जास्तीत जास्त ओझे आले असेल, ते तिच्या अंगात मुरून राहते. पुन्हा तेवढे ओझे येईपर्यंत ती फारशी दबत नाही. ती मर्यादा ओलांडली की मात्र नव्याने दबू लागते.

तुमच्या बांधीतच याचा पुरावा आहे. वर्षानुवर्षे चिखलणी करून, बैलांच्या खुरांनी आणि आता ट्रॅक्टरच्या केज व्हीलने, नांगराच्या तळाखाली एक घट्ट थर तयार झालेला असतो. धानाला तो थर सोन्यासारखा, कारण पाणी खाली झिरपत नाही. पण त्याच बांधीत लाखोळी, जवस किंवा हरभरा टाकला की मुळांना तो थर आडवा येतो. त्या थराने जुने ओझे लक्षात ठेवलेले असते.

जुन्या पाळीलाही अशीच आठवण आहे. दोनशे वर्षांत किती तरी वेळा ती भरली, रिती झाली, तिच्यावरून बंड्या गेल्या. ती तिच्या जागी बसलेली आहे. तिच्या अंगावर आपण नवा, सैल भराव टाकतो तेव्हा जुनी माती दबत नाही आणि नवी दबते. दोघींच्या मध्ये फट पडते. पाणी ती फट शोधत असते. म्हणून जुन्या पाळीवर नवी माती टाकण्याआधी झुडपे आणि गवत मुळासकट काढणे, उतारावर पायऱ्या कापणे, जुना पृष्ठभाग खरवडून ओला करणे आणि मगच थर देणे, हा नियम आहे. तो कागदावरचा सोपस्कार समजू नका.

भार दाण्यांचा, फसवणूक पाण्याची

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. माती म्हणजे काय? बारीक बारीक कण, आणि मधल्या पोकळीत हवा नाही तर पाणी. कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात, म्हणून घासतात, आणि घासतात म्हणून माती उभी राहते. धानाचे पोते गच्च भरून शिवले तर त्यावर चार पोती रचता येतात. तेच धान मोकळे टाकले तर ढीग पसरतो. दाणा तोच, फरक आहे तो त्याला बाजूने मिळणाऱ्या आधाराचा.

ऑस्ट्रियाचे इंजिनिअर कार्ल तेर्झाघी यांनी 1920 च्या दशकात इस्तंबूलला शिकवत असताना यावर प्रयोग केले आणि 1925 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट अशी : ओल्या मातीवर ओझे आले की त्यातला काही भाग कण उचलतात आणि काही भाग पोकळीतले पाणी उचलते. पण पाणी घासत नाही. म्हणून मातीची ताकद ठरते ती फक्त कणांनी उचललेल्या भारावर. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करायचा, उरेल तो खरा दाब. जगभरातले मातीचे सगळे गणित आज या एका वजाबाकीवर उभे आहे.

आपल्या पाळीचा हिशोब करू. पाळ 5 मीटर उंच आहे असे धरा. भिजलेली माती घनमीटरला साधारण 2 टन भरते. म्हणजे तळाशी एका चौरस मीटरवर 10 टन ओझे. माती ओलसर आहे आणि पाणी तळाच्या खालीच आहे, तर हे सगळे ओझे कण पेलतात आणि तेवढ्या जोराने एकमेकांना धरून ठेवतात. आता पाळ वरपर्यंत पाण्याने भरली असे समजा. 5 मीटर पाण्याचा दाब चौरस मीटरला 5 टन. दहातून पाच गेले, उरले पाच. म्हणजे पाळीचे वजन तेवढेच, पण कणांची एकमेकांवरची पकड निम्म्यावर आली! बाहेरून पाळ तशीच दिसते, उंची तीच, हिरवळ तीच. आतली ताकद मात्र अर्धी गेली. त्यात आतल्या पाण्याचा झोत बाहेरच्या उताराकडे ढकलत असतो तो वेगळाच.

म्हणून पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसली, पाण्याचा पाझर वाढला, तर 'हे तर दरवर्षीचेच आहे' म्हणून सोडू नका. पाझर स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहा. स्वच्छ पाणी पाझरते तोवर लक्ष ठेवून राहता येते. गढूळ आले की समजा, पाणी पाळीची माती घेऊन बाहेर पडते आहे. आत नळी तयार होत आहे. तिथून पुढे तास मोजायचे असतात, दिवस नाही.

घाईची भर आणि घाईचा उपसा

वजाबाकीचा हा नियम आणखी दोन ठिकाणी लागू पडतो आणि दोन्ही ठिकाणी आपल्याकडून चूक होते.

पहिली, घाईने भर टाकणे. चिकण मातीतले पाणी लवकर निघत नाही, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. ओल्या चिकण मातीवर एकदम उंच भराव टाकला तर ते नवे ओझे सुरुवातीला सगळे पाण्यावर येते. कणांची पकड वाढत नाही, ओझे मात्र वाढते. मग पायथा बाहेर सरकतो. तोच भराव थांबत थांबत टाकला तर पाणी निघून जाते, कण जवळ येतात, माती ताकद कमावते. बंडीने माती टाकणाऱ्या जुन्या लोकांना हा फायदा आपोआप मिळत होता, कारण त्यांचे कामच सावकाश चालत असे.

दुसरी, घाईने पाणी सोडणे. मासोळी काढायची म्हणून किंवा गाळ काढायचा म्हणून काही वेळा तुडुम पूर्ण उघडून, पंप लावून तलाव दोन-चार दिवसांत रिता करतात. तलावातले पाणी पाळीच्या आतल्या उताराला टेकू देत असते. तो टेकू गेला, पण पाळीच्या पोटातले पाणी अजून तिथेच आहे. म्हणजे कणांची पकड कमी आणि बाहेरचा आधार गायब. अशा वेळी आतला उतार घसरतो. गाव म्हणते, "पाणी नव्हते तरी पाळ कशी गेली?" अहो, पाणी होते, ते तलावात नव्हते, पाळीत होते. तलाव रिता करायचाच असेल तर सावकाश करा.

पानशेत आणि तिवरे

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर महाराष्ट्राचा इतिहास आठवा. 12 जुलै 1961 रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले. धरण मातीचे होते आणि पूर्ण व्हायचे होते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असताना पावसाने पाणी चढले. मोरीतून जोराने वाहणाऱ्या पाण्याने तिला हादरे बसू लागले आणि तिच्यावरचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून काही तास झुंज दिली, म्हणून धरण दिवसाउजेडी फुटले. खालचे खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्यात पूर आला. दगडी किंवा काँक्रीटची मोरी दबत नाही, भोवतालची माती दबते, आणि दोघांच्या सांध्यात फट होते. लहानमोठ्या प्रत्येक बांधाची हीच नाजूक जागा. तुमच्या तलावाचे तुडुम तेच आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालच्या वाडीतली वीसच्या आसपास माणसे गेली. हे काही पानशेतसारखे मोठे धरण नव्हते, लहान मातीचा बांध होता. त्या वेळी खेकड्यांनी धरण पोखरल्याची चर्चा राज्यभर गाजली. खेकडे, उंदीर, घुशी बिळे करतात हे खरे, पण बिळावर लक्ष ठेवणे माणसाचे काम आहे. बांध लहान म्हणून धोका लहान, असे होत नाही. त्याच्या खाली किती घरे आहेत, यावर धोका ठरतो.

मातीचे गणित कसे मांडतात?

आता थोडे शास्त्राच्या अंगणात जाऊ. कोणताही इंजिनिअर पाळ बांधून, फोडून पाहू शकत नाही. म्हणून तो कागदावर किंवा संगणकावर मातीचा नमुना उभा करतो आणि त्याच्यावर ओझे टाकून पाहतो.

सगळ्यात जुना नियम फ्रान्सच्या लष्करातले इंजिनिअर कुलोम यांचा, 1776 साली छापलेला. ते म्हणाले, माती दोन गोष्टींनी टिकते : एक चिकटपणा, दुसरे घर्षण. वैनगंगेच्या कोरड्या वाळूचा ढीग करा. कितीही वाळू टाका, तो एका ठराविक उतारापेक्षा उभा राहत नाही. कोरड्या सैल वाळूचा हा कोन साधारण 30 ते 35 अंश असतो. हा झाला घर्षणाचा प्रताप. ओली वाळू उभी राहते, पण ती उसनी ताकद आहे. वाळली किंवा जास्त भिजली की कोसळते. विहीर किंवा नाली खोदताना उभ्या भिंतीवर भरवसा ठेवून माणसे दबतात, ती याच उसन्या ताकदीमुळे.

कुलोमचा नियम माती कधी तुटेल ते सांगतो. तुटण्याआधी ती किती दबेल, हे सांगत नाही. त्यासाठी पुढच्या लोकांनी वळणारी रेषा गणितात बसवली. 1970 मध्ये अमेरिकेतल्या डंकन आणि चँग या दोघांनी मांडलेली रीत मातीच्या धरणांसाठी जगभर वापरली गेली. त्यात माती सुरुवातीला ताठ असते आणि भार वाढेल तशी मऊ होत जाते. त्याआधी, 1950-60 च्या दशकांत, इंग्लंडच्या केंब्रिजमधल्या रॉस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीची ती 'आठवण' गणितात आणली. दाबाबरोबर मातीची पोकळी कशी बदलते, जुने ओझे ओलांडले की ती कशी वागते, हे त्यात येते. त्या नमुन्याला त्यांनी गावच्या कॅम नदीचे नाव दिले, 'कॅम क्ले'.

मग संगणक काय करतो? तुमची शेती डोळ्यासमोर आणा. दहा एकराचे शेत एका सपाटीत नसते, त्याच्या बांध्या पाडलेल्या असतात. वरच्या बांधीतले पाणी सोडले की खालच्या बांधीवर परिणाम होतो, धुरा फुटला की शेजारची भरते. संगणक धरणाचा छेद घेऊन त्याच्या अशाच हजारो लहान बांध्या पाडतो. प्रत्येक बांधीला मातीचा नियम लावतो आणि एकीचे ओझे दुसरीवर किती जाते ते मोजत जातो. शेवटी कुठे किती दब होईल, कोणती जागा आधी सरकेल, हे चित्र समोर येते.

पण एक लक्षात ठेवा. बी खोटे असेल तर पीक खरे येत नाही. संगणकाला दिलेले आकडे त्याच जागेच्या मातीचे नसतील तर रंगीत चित्राचा उपयोग शून्य. आकडे काढायचे तर माती प्रयोगशाळेत न्यावी लागते. तिथे 38 मिलिमीटर जाड आणि 76 मिलिमीटर उंच असा मातीचा लहान खांब करतात, त्यावर रबराची पातळ पिशवी चढवतात, पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवून बाजूने दाब देतात आणि वरून भार वाढवत जातात. बाजूचा दाब म्हणजे जमिनीखाली शेजारच्या मातीने दिलेला आधार, आपल्या शिवलेल्या पोत्यासारखा. एकाच मातीचे तीन खांब, तीन वेगवेगळ्या दाबांना तपासले की पत्रिका हाती येते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सगळे 'मेरी' म्हणतात, 1959 पासून राज्यातल्या धरणांसाठी अशी कामे करत आली आहे. आपल्या जिल्ह्यातला वैनगंगेवरचा गोसेखुर्द प्रकल्प, ज्याची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते बसली, त्याचा मातीचा बांध अकरा किलोमीटरच्या आसपास लांब आहे. एवढ्या लांबीत माती पावलोपावली बदलते. एका खड्ड्याचा नमुना सगळ्या बांधाला चालत नाही.

कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार

आपल्या लोकांनी मातीला दिलेली नावे ही सुद्धा एक पत्रिकाच आहे. कन्हार काळी, चिकण; ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. सिहार पिवळसर, रेताड. मोरंड आणि खर्डी मधल्या. बर्डी खडकाळ, उंचावरची. नाव उच्चारताच कास्तकाराला कळते की इथे पाणी किती टिकेल.

कन्हारीचे फुगणे घराला आणि कालव्याला जड जाते. भिंतीला तिरप्या चिरा पडतात, फरशी उचलली जाते, कालव्याचे अस्तर उखडते. मुंबईच्या आयआयटीचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी 1970 च्या दशकात यावर अभ्यास केला आणि एक स्वस्त उपाय पुढे आणला. काळी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर, गरज असेल तिथे मीटरभर जाडीचा, नीट दाबून द्यायचा. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर तो वापरला गेला आणि पुढे काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी ती देशभर मान्य पद्धत झाली. चिकट मुरूम या कामाला चालतो. नुसती वाळू चालत नाही, कारण वाळूतून पाणी खाली जाते आणि काळी माती आणखी फुगते. काळ्या जमिनीवर घरकुल बांधणाऱ्यांनी पायव्यात वाळू ओतण्याआधी हे ऐकून ठेवावे.

माती किती फुगते, हे तपासणेही सोपे आहे. चाळलेली, वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापांत टाकतात, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तासांनी पाहतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये माती 10 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत आणि पाण्यात 15 च्या खुणेपर्यंत आली, तर फुगवटा 50 टक्के. एवढा फुगवटा दिसला की जपून काम करायचे.

दाबायचे कसे?

जुन्या पाळी जनावरांच्या खुरांनी दाबल्या जात. 1933 मध्ये अमेरिकेच्या लॉस एंजेलिस शहरातले इंजिनिअर प्रॉक्टर यांनी याचे माप काढले. माती कोरडी असेल तर कितीही ठोका, दाणे जवळ येत नाहीत. फार ओली असेल तर पाणी दाण्यांची जागा अडवते. मधे एक नेमकी ओल असते, तेव्हा माती सगळ्यात घट्ट बसते. ती ओल आणि ती घट्टपणा प्रयोगशाळेत काढतात आणि जागेवर त्याच्या साधारण 95 टक्क्यांहून जास्त घट्टपणा आणावा लागतो.

हाताने अंदाज असा घ्या. माती मुठीत दाबा. गोळा झाला, बोटांचे ठसे उमटले, पण तळहात चिकट-ओला झाला नाही; आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर गोळा तीन-चार तुकड्यांत फुटला, तर ओल बरी आहे. भुगा झाला तर पाणी कमी. नुसता चपटा झाला तर पाणी जास्त. हा अंदाज प्रयोगशाळेच्या ऐवजी नाही, पण कामावर उभ्या असलेल्या माणसाला तेवढा पुरे.

सरपंचसाहेब, हे विचारा!

पाळीच्या दुरुस्तीचे काम मंजूर होते तेव्हा आपण रक्कम विचारतो, ठेकेदार विचारतो. आता ग्रामसभेत एवढे प्रश्नही विचारा :

1) पाळीसाठी माती कुठल्या खड्ड्यातून येणार? त्या मातीची तपासणी झाली का, आणि अहवाल याच मातीचा आहे का?

2) थर किती जाडीचा? सैल माती वीतभरापेक्षा, म्हणजे 20 ते 25 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. एका थराची तपासणी झाल्याशिवाय दुसरा टाकू नये.

3) दाबाई कशाने? माती वाहणाऱ्या टिप्परच्या चाकांनी झालेली दाबाई ही दाबाई नव्हे. चाक एकाच रेषेवर फिरते.

4) तलावातला गाळ पाळीवर टाकला जात आहे का? गाळ शेतात टाका, तिथे त्याचे सोने होते. 2017 मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचा हेतूही तोच. पाळीला मात्र तो ओला, सेंद्रिय गाळ कामाचा नाही. तो दबतच राहतो.

5) गाळ काढताना यंत्र पाळीच्या पायथ्याला लागत आहे का? पायथा हा पाळीचा टेकू आहे. तो कोरला की वरचा उतार आपोआप खाली येतो.

6) तुडुमाभोवतीची माती हाताने, लहान थरांत ठोकली का? मोठे यंत्र तिथे पोहोचत नाही, आणि पानशेतचा धडा तिथलाच आहे.

7) सांडवा मोकळा आहे का? पाणी पाळीवरून वाहिले की कितीही घट्ट दाबलेली माती टिकत नाही. मासोळीसाठी सांडव्यावर माती-पोत्यांची भर घालणाऱ्यांना गावाने आवरलेच पाहिजे.

या कामांची जबाबदारी लहान तलावांबाबत जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि सोबत पाळीच्या भेगांचे, पाझराचे फोटो जोडा. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

गावाने आणखी एक काम करावे, ज्याला पैसा लागत नाही. पाळीवर पन्नास-पन्नास पावलांवर खुंट्या ठोका आणि त्या एका ओळीत आहेत का, हे पावसाळ्याआधी, तलाव भरल्यावर आणि दिवाळीनंतर दोरी लावून पाहा. खुंटी ओळीतून सरकली, खाली गेली, तर वहीत तारखेसह लिहा. मोठ्या धरणांवर यासाठी महागडी यंत्रे बसवतात. ती हेच मोजतात. दोन-तीन वर्षांची अशी वही एखाद्या इंजिनिअरसमोर ठेवली तर तो पाळीचा स्वभाव तुमच्यापेक्षा लवकर ओळखेल. आणि एका रात्रीत चार बोटे सरकलेली खुंटी दिसली तर वही बाजूला ठेवा, आधी पाळीखालची घरे रिकामी करा, मग तहसीलला फोन लावा.

पाळ फुटते ती एका रात्रीत, पण ती बिघडायला महिने, वर्षे लागतात. तेवढ्या काळात ती भेगेने, ओलीने, सरकलेल्या खुंटीने सांगत असते. यंदा रोवणा आटोपला की एखाद्या सकाळी गावातल्या दोन जाणत्या म्हाताऱ्यांना आणि दोन शिकलेल्या पोरांना सोबत घ्या आणि पाळीच्या बाहेरच्या पायथ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. वरून नाही, खालून!